आधी रक्त, मग औषध

इंजेक्शन तयार होतं, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी गुठळी विरघळवणारं औषध भरलेली सिरिंज नर्स जेराल्डीनच्या ट्रेमध्ये होती. अ‍ॅम्ब्रोजकाकाच्या डाव्या हाताला सलाईन लागलं होतं. हृदयाचा आलेख असा की शिकाऊ नर्सनेही झटका ओळखला असता. मोठं हॉस्पिटल चार तासांवर. न्यूफाउंडलंडच्या त्या किनाऱ्यावर माणूस वाचवायला तेवढी एक सिरिंजच असते.

पण शहरातल्या संशोधकांना आधी रक्त हवं होतं. हृदयाच्या झटक्यावेळी शरीरात दाह किती उसळतो, रक्तातल्या कोणत्या खुणांवरून तो मोजता येतो, तो जास्त असला तर गुठळी विरघळते का, असा त्यांचा अभ्यास. औषधाने आकडे बदलतात, म्हणून रक्त औषधाआधीचंच हवं. दुसऱ्या हाताचं हवं. दंडाला पट्टा न बांधता हवं. मागच्या महिन्यात जेराल्डीनने पाठवलेल्या दोन नळ्या रद्द झाल्या, तेव्हा दवाखान्याचे डॉक्टर पिन्सेंट सगळ्यांदेखत म्हणाले होते, "वीस वर्षं नोकरी झाली ना गं तुझी?"

अभ्यासाच्या कागदात खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं: रक्त मिळालं नाही तर उपचार थांबवू नयेत. जेराल्डीनने ते वाचलेलं होतं. तरी ती थांबली.

"काका, जरा टोचेल हं."

"टोच गं. अंगठ्यात गळ घुसला होता, तो माझ्या बापाने पक्कडीने उपटलाय. तुझ्या सुईला कोण भितंय?"

पहिल्यांदा शीर सापडली नाही. चाळीस वर्षं गार पाण्यात घातलेला हात, त्यात हा घाम. दुसऱ्यांदा सापडली आणि निसटली.

"मासा आणि शीर," अ‍ॅम्ब्रोज धापा टाकत म्हणाला, "जाळं दिसलं की पळणारच."

पायाशी त्याची बायको फिलोमिना उभी होती. तिने तोंड उघडलं, नवऱ्याकडे पाहिलं आणि मिटलं. डॉक्टरांनी दारातून विचारलं, "मिळालं?"

"एकच मिनिट."

तिसऱ्यांदा नळी भरली. औषध गेलं तेव्हा नऊ अठ्ठावीस झाले होते. मग टोचलेल्या तिन्ही जागांतून रक्त पाझरायला लागलं. कापसाचे बोळे बदलावे लागले. तिथे औषध चोख काम करत होतं. छातीतली गुठळी मात्र हलली नाही. छाती दाबून झाली, शॉक देऊन झाले. पावणेअकराला अ‍ॅम्ब्रोज गेला.

दुपारी डॉक्टर अभ्यासाचा कागद घेऊन आले. "औषध तयार झाल्याची वेळ नऊ पंचवीस लिही."

"नऊ दहाला झालं होतं."

"अठरा मिनिटांनीच तो मेला, हे कोण छातीठोक सांगणार आहे? मी नाही सांगू शकत. तूही नाही. कशाला स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतेस?"

अठरा मिनिटांबद्दल डॉक्टर खोटं बोलत नव्हते, हीच तर चीड आणणारी गोष्ट. जेराल्डीनने नऊ दहा लिहिलं. पण तो कागद शहरात जाणार, कुठल्या तरी तक्त्यात बसणार. ज्या बाईचा नवरा गेला तिला कोण सांगणार होतं?

अ‍ॅम्ब्रोजला पुरल्यावर तिसऱ्या दिवशी जेराल्डीन फिलोमिनाकडे गेली. टेबलाशी बसून सगळं सांगितलं. नळी, पट्टा, बारीक अक्षरं, डॉक्टरांचा टोमणा.

फिलोमिनाने चहाचा कप बाजूला सरकवला.

"त्याला फार दुखत होतं," ती म्हणाली. "मी बोलणारच होते, आधी ते औषध द्या म्हणून. त्याने डोळ्यांनी दटावलं मला. तुझी सुई दोनदा चुकली ना, म्हणून. पोरीला सगळ्यांसमोर लाज नको वाटायला. आपली माणसं अशी. मरतील, पण नर्सला त्रास देणार नाहीत."

"काकू, मी..."

"माफी मागू नकोस. मला ती देता यायची नाही, मग तुलाच वाईट वाटेल." तिने कपातला गार चहा बेसिनमध्ये ओतला. "सिरिल समजतोय की भावाला दवाखान्यात आणायला त्यानेच उशीर केला. जेवत नाही धड. त्याला सांग जा. मी नाही सांगणार. तुझ्या तोंडून ऐकू दे त्याला."

जेराल्डीनने कोट चढवला. सिरिल धक्क्यावर खेकड्यांचे पिंजरे उतरवत होता, आणि सोबत गावातली सात-आठ माणसं होती. ती त्यांच्या दिशेने चालू लागली.