रताळ्याची सुरी

मी एक जुनी सुरी आहे, मित्रांनो, आणि आधीच सांगून टाकते: मी बोथट झालेली नाही!

माझा जन्म एका सुताराच्या हातून झाला. करवतीचे तुटलेले पाते घासून घासून त्याने मला आकार दिला. त्याची बायको लवकर वारली होती आणि लहानग्या लेकीला रताळ्याचे फ्राइज म्हणजे जीव की प्राण. कच्चे रताळे भलतेच कडक. बाजारच्या सुऱ्या त्यात अर्ध्यावरच अडकून बसत. मी मात्र सरसर उतरत असे. "अशी सुरी दुकानात मिळायची नाही," सुतार म्हणायचा, आणि माझी छाती फुगायची.

पुढे लेक मोठी झाली, बस चालवू लागली, तिलाही एक मुलगी झाली. आणि एका सकाळी सुताराच्या अंगावरून वारे गेले. पाय हळूहळू चालू लागला, डावा हात मात्र लुळाच राहिला. लेकीने बापाला आपल्या घरी आणले, आणि मला वर्तमानपत्रात गुंडाळून कपाटाच्या वरच्या फळीवर टाकले.

"बाबा, आता तुम्ही फक्त आराम करायचा."

फ्राइजचे तयार पाकीट घरात येऊ लागले. आम्ही दोघे एकाच दिवशी बाद झालो. कोणी वाईट बोलले नाही, मित्रांनो. सगळे प्रेमानेच झाले. म्हणून तर जास्त राग आला.

आठ महिने मी तिथे गंजत होते. मग एका दुपारी कोणीतरी काठीच्या टोकाने मला ढकलले आणि मी धाडकन ओट्यावर पडले. समोर सुतार! त्याने ओट्यावरच दगड ठेवून मला धार लावली. मग लाकडाची एक सुटी फळी घेतली. खिळा धरायला दुसरा हात नव्हता, म्हणून फळीवर साबणाचा तुकडा ठेवून त्यात तो उभा रोवला आणि हातोडी मारली. मग तसाच दुसरा. दोन्ही खिळे आरपार गेले. फळी उलटी करून त्या टोकांवर त्याने रताळे दाबून बसवले. रताळे जागचे हलेना. मी कामाला लागले.

तेवढ्यात लेक आली. "बाबा! सुरी खाली ठेवा!"

"नाही ठेवत."

"बोट कापलं म्हणजे?"

"कापलं तर माझं कापेल. हात गेलाय गं, मी नाही गेलो."

ती शेजारी येऊन उभी राहिली.

पहिला घाणा फसला. घाईत त्याने सगळ्या काड्या ओल्याच, एकदम तेलात सोडल्या. त्या लिबलिबीत झाल्या. "राहू द्या ना आता," लेक म्हणाली.

"अजून दोन रताळी आहेत," सुतार म्हणाला.

या वेळी काड्या फडक्याने कोरड्या पुसल्या, थोड्या थोड्या तळल्या. नातीने एक तोंडात टाकली आणि कुरकुर आवाज झाला. लेकीने दुसरी उचलली, चावली, आणि खिडकीकडे तोंड फिरवले. मग म्हणाली, "मीठ कमी पडलंय, बाबा." तो खळखळून हसला.

मित्रांनो, आम्हाला जपा, पण फळीवर टाकून नव्हे. धार लावा, पुसून कोरडे ठेवा, आणि काम द्या. भीती वाटत असेल, तर खुशाल शेजारी उभे राहा. पण हातातून काढून घेऊ नका.