थँक्यू म्हणायचं नसतं

हर्षदला रशियन किती येत होतं? शून्य. मराठीचं तर विचारूच नका. आणि असला माणूस दिग्दर्शक म्हणून अंधेरीच्या डबिंग स्टुडिओत बसून संघमित्राने रशियन मालिकेतून मराठीत आणलेल्या ओळी खोडत होता! ती सहा वर्षं घासून रशियन शिकलेली. याचं काय, उचलली जीभ लावली टाळ्याला. पण आजचा भाग पास झाला तरच मालिकेचे पुढचे साठ भाग तिला मिळणार होते. म्हणून ती दातओठ खात गप्प उभी होती.

प्रसंग साधा. रशियन मुलगा परीक्षेला निघतो. आई म्हणते, "ना केस मिळो, ना पीस!" म्हणजे शिकार हाती न लागो. जुन्या शिकाऱ्यांची ही रीत, तोंडाने वाईट चिंतलं की नजर लागत नाही. मुलाने उलट "सैतानाकडे जा!" म्हणायचं. आभार मानले की काम फिसकटलंच म्हणून समजा. संघमित्राने आईला दिलं होतं, "जा मेल्या, नापास होऊन ये!" आणि मुलाला, "तुझ्या तोंडात माती पडो!"

"यार, आईशी असं बोलतात?" हर्षद फिदीफिदी हसला. "हे रशियन चोवीस तास टाइट असतात वाटतं. आपण 'ऑल द बेस्ट' आणि 'थँक्यू, मॉम' करू. झकास!"

"अरे, थँक्यूच म्हणायचं नसतं! आपण तरी निघताना 'जातो' म्हणतो का? 'येतो' म्हणतो ना? भीती तीच आहे रे."

"आपण सुधारलोय आता. काय हो, धोंडिराम?"

धोंडिराम म्हणजे रेकॉर्डिंग करणारे साठीचे काका. त्यांनी हेडफोन उतरवला. "माझ्या आधीची तीन पोरं गेली. मग आईने मला उकिरड्यावर ठेवलं, परत उचललं आणि धोंड्या म्हणून हाक मारली. नजर नको कुणाची. तिला ही रशियन बाई लगेच कळली असती."

"टचिंग आहे," हर्षद घड्याळ बघत म्हणाला. मग आवाज गोड करून संघमित्राकडे वळला. "तू फक्त गप्प बस. साठ भाग तुझे. पडद्यावर नावही तुझंच."

या गाढवाच्या ओळींखाली तिचं नाव! तिला किळस आली.

"नाव काढ माझं," ती म्हणाली. "आणि ते साठ भागही घाल तुझ्या घशात."

हर्षदने खांदे उडवले. ती बॅग उचलेपर्यंत 'थँक्यू, मॉम' रेकॉर्ड झालंसुद्धा, पहिल्याच टेकला. बटण धोंडिरामकाकांनीच दाबलं. त्यांनाही नोकरी होती. जिन्यात तिला रडू फुटलं, आणि असल्या माणसापायी रडू यावं याची तिला जास्त चीड आली.