मिरचीला कौलं, बायकांना पत्रा

नंदुरबारच्या मिरची बाजारामागे रूपचंद शेटची दोन गोदामं शेजारी शेजारी होती. एक जुनं, शेटच्या आज्याने बांधलेलं. हातभराहून जाड विटांच्या भिंती, उंच कौलारू छप्पर, छपराखाली ओळीने झरोके. दुसरं नवं. शेटचा मुलगा भाग्येश याने गेल्या दिवाळीनंतर ते उभं केलं. भिंती पत्र्याच्या, छप्पर पत्र्याचं, दारही पत्र्याचंच, आणि सगळं निळंशार. पश्चिमेच्या अंगाला एक कडुनिंब होता. ट्रक वळायला आड येतो म्हणून तो तोडला.

नईमा लग्नाआधीपासून मिरचीची देठं खुडत आली होती. आता तिची मुलगी कॉलेजात जात होती. इतकी वर्षं ती आणि तिच्या सोबतच्या बायका जुन्या गोदामात बसायच्या. हाताला तेल चोपडायचं, नाकाला ओढणी नाहीतर पदर बांधायचा आणि ढिगासमोर मांडी घालायची. ठसका होता, हातांची आग होती. पण बाहेर डांबर पायाला चिकटायला लागलं तरी आत फरशीवर टेकलं की जीव थाऱ्यावर यायचा.

भाग्येशने नवी शेड बांधली ती मिरचीसाठीच असं सगळ्यांना वाटलं होतं. पेढे वाटून झाल्यावर तो म्हणाला, "उद्यापासून तुम्ही बायका इकडे बसायचं. मोठी जागा आहे, लाइट आहे. माल जुन्या गोदामात राहील."

"का बरं?" कमलीबाईने विचारलं. ती सगळ्यांत वयाने मोठी.

"उन्हाने मिरचीचा रंग उडतो. सुरतचे व्यापारी आधी रंग बघतात, मग भाव बोलतात."

तेव्हा थंडीचे दिवस होते. नव्या शेडमध्ये उजेड भरपूर म्हणून बायका खूश होत्या.

होळी झाली आणि पत्रा तापायला लागला. सकाळी नऊलाच डोक्यावर तवा ठेवल्यासारखं व्हायचं. दुपारी तर छप्पर वरून आणि भिंती चहूबाजूंनी भाजायच्या, आणि तापलेली हवा आतल्या आत कोंडून राहायची. वर जायला तिला वाट नव्हती. बायका ओढणी भिजवून डोक्यावर घ्यायच्या, ती पाहता पाहता वाळायची.

भाग्येश काही वाईट माणूस नव्हता. सांगितल्यावर त्याने मोठाले पंखे आणले. ते सुरू केले मात्र, मिरचीची पूड अशी उडाली की सगळ्या जणी डोळे धरून बाहेर पळाल्या. पंखे बंद झाले. मग कूलर आणले. चार दिवसांत मिरची सादळली, ढिगाच्या पोटात बुरशी धरली. कूलरही गेले. त्यानंतर भाग्येशने विषय सोडून दिला. त्याच्या परीने त्याने सगळं करून पाहिलं होतं.

एप्रिल सरत आला असताना एका दुपारी कमलीबाई बसल्या जागी बोलायची थांबली. नईमा तिच्या शेजारीच होती. तिने वळून पाहिलं, तर म्हातारीचं अंग कोरडं ठणठणीत, डोळे फिरलेले, आणि हातात देठ तसंच. नईमाने तिला खांद्याला धरून बाहेर ओढलं, नवऱ्याला फोन लावला. मुनव्वरची रिक्षा बाजाराच्या फाटकावरच उभी असायची. दवाखान्यात पोचेपर्यंत नईमा तिच्या अंगावर बाटलीने पाणी ओतत होती आणि एकसारखी हाक मारत होती.

कमलीबाई वाचली. पण डॉक्टर म्हणाले, थोडा उशीर झाला असता तर काही सांगता आलं नसतं. तिचा उजवा हात थरथरायला लागला, तो थांबेना.

शेटने मोसंबी पाठवली. दुसऱ्या दिवशी शेडचं दार नेहमीसारखं उघडलं. बायका आत गेल्या. नईमा दारातच उभी राहिली.

"काय व्हयनं?" रूपचंद शेटने विचारलं. तो खुर्ची टाकून जुन्या गोदामाच्या ओट्यावर बसला होता.

"शेट, आते आठे बसानं नही. माणूस मरी जाई."

"दोन महिनानी तं गोष्ट शे. पाऊस पडना का सगळं थंड."

"मंग दोन महिना तुम्ही बसा आत."

शेट हसला. भाग्येश मात्र चिडला. "नईमाबाई, एसी बसवू का? एवढ्या शेडला? लाइट बिल कोण भरेल? आणि नवीकोरी शेड आता पाडू की काय?"

"एसी कोण मांगी ऱ्हायनं? लाइट गयी का तोबी बंद. मशीन नको, भाऊ. छप्पर नीट करा."

"पत्र्याच्या छपराचं काय नीट करतात?"

जुनं गोदाम गार आणि नवं तापतं, एवढं नईमाच्या अंगाला कळत होतं. का, ते नीट सांगता येत नव्हतं. त्या दिवशी ती आत गेली, बसली. पण संध्याकाळी घरी आल्यावर तिने भाकरीचं पीठ मळता मळता मुलीला विचारलं. नमिरा पॉलिटेक्निकात सिव्हिलला होती, दुसऱ्या वर्षाला.

"अम्मी, हे तर आम्हाला शिकवलंय," नमिरा म्हणाली. तिने पातेल्यावरचं झाकण उचललं. वाफ वर गेली. "गरम हवा वर जाते. वर भोक असलं की निघून जाते आणि खालून गार हवा आत येते. तुमच्या शेडला वर भोकच नाही." मग ती सांगत सुटली. निळा पत्रा ऊन पितो, पांढरा परतवतो. पत्रा एकेरी असेल तर वरचं सगळं ऊन खाली डोक्यावर उतरतं. खाली पोकळी सोडून दुसरं छत घातलं तर अडतं. जाड वीट तापायलाच दिवस लागतो, पत्र्याला दहा मिनिटं पुरतात. पश्चिमेची भिंत उघडी टाकली तर दुपारनंतर तिच्याकडून सगळ्यांत जास्त आग येते.

"आणि लाइट किती लागेल याला?"

"काहीच नाही."

मुनव्वर खाटेवर बसून ऐकत होता. तो म्हणाला, "शेटशी भांडलीस तर बाजारात दुसरा कोणी कामावर घेणार नाही. हे सगळे एकमेकांना फोन करतात."

नईमाला भीती वाटत नव्हती असं नाही. नमिराचं शिक्षण याच हातांवर चाललं होतं. पण डोळे मिटले की तिला कमलीबाईच्या बोटांतलं ते देठ दिसायचं. आणि त्याहून एक गोष्ट तिच्या मनात सलत होती. माल कुठे ठेवायचा आणि माणसं कुठे, हे ठरवताना शेट आणि भाग्येश दोघांनीही एकदाही डोकं खाजवलं नव्हतं.

रोज सकाळी कामाची सुरुवात एकाच रीतीने व्हायची. राखणदार धुडकू जुन्या गोदामाचं कुलूप काढायचा आणि दोघी दोघी मिळून त्या दिवसापुरती पोती नव्या शेडमध्ये ओढून न्यायच्या. दोन दिवसांनी सकाळीही धुडकूने कुलूप काढलं आणि तो चहाला गेला. बायकांनी पोती ओढायला सुरुवात केली. दिवसापुरती झाली, तरी त्या थांबल्या नाहीत.

आदल्या संध्याकाळी नईमाने एकेकीच्या घरी जाऊन सांगितलं होतं. एकीनेही नाही म्हटलं नव्हतं. तुळशीबाई तर म्हणाली होती, "हाई आपनले पहिलेच कसं सुचनं नही?"

भाग्येश मोटारसायकलवरून आला तेव्हा जुनं गोदाम रिकामं झालं होतं. शेटची सगळी मिरची पत्र्याखाली थप्प्या लावून ठेवलेली होती आणि बायका कौलांखाली, फरशीवर, आपापल्या ढिगासमोर मांडी घालून देठं खुडत होत्या. नेहमीपेक्षा हात भराभर चालत होते.

"हे काय चाललंय?" तो ओरडला.

"काम चालू शे," नईमा म्हणाली. तिने मान वर केली नाही.

"कोणी सांगितलं माल हलवायला? संप करताय का?"

"संप कोठे शे, भाऊ? दख ना. कोणी रिकामं बठेल शे का?"

कोणीतरी हसलं. भाग्येशचा चेहरा लाल झाला. त्याने हमालांना हाका मारल्या, पोती परत आणायला सांगितली. हमाल पहिलं पोतं पाठीवर घेऊन आले तेव्हा नईमा उठून उंबऱ्यावर बसली. तिच्या मागे तुळशीबाई, तिच्या मागे आणखी दोघी. हमाल थबकले. बाईला ओलांडून जायचं कसं? त्यांनी पोतं ओट्यावर टेकवलं आणि सावलीला जाऊन बिड्या काढल्या.

"उद्या तळोद्याहून जीप भरून दुसऱ्या बायका आणतो," भाग्येश म्हणाला.

"आना ना. त्याबी माणसंच शेतस. कमलीबाईना मागे आखो कोणी पडी. मंग तिलेबी मोसंबी धाडज्यात."

तोपर्यंत रूपचंद शेट येऊन पोचला. त्याला फोनवर अर्धंच कळलं होतं. उंबऱ्यावरच्या बायकांकडे त्याने पाहिलंही नाही, तो सरळ नव्या शेडमध्ये घुसला. ऊन आता चांगलं चढलं होतं. आत त्याने पोत्यांवर हात ठेवून पाहिला, एक पोतं सोडून मूठभर मिरची बाहेर काढली, उजेडात धरली. बाहेर आला तेव्हा सदरा पाठीला चिकटला होता आणि तो धापा टाकत होता.

"नईमा! आठ दिवस तठे माल ऱ्हायना तं रंग उडी जाई! समजस का तुले?"

नईमा उभी राहिली. इतकी वर्षं ती या माणसाशी खाली मान घालून बोलली होती. आज तिने ओढणी नाकावरून खाली ओढली, म्हणजे शब्द स्पष्ट जातील.

"समजस, शेट. चांगलं समजस. मिरचीना रंग उडना तं तुम्ही पळत उनात. कमलीबाई पडनी तवय मोसंबी धाडी. माणूसना जीव गया तं चालस, मिरचीना रंग गया तं चालस नही? आम्ही आठून उठाना नहीत. ती शेड नीट करा. मंग मिरची कोठे ठेवानी, आम्ही कोठे बसानं, तुम्ही सांगा."

बाजारातली माणसं जमली होती. शेटने इकडे तिकडे पाहिलं. तो काहीतरी कडक बोलणार होता, तसं तोंडही त्याने उघडलं. पण उन्हाने त्याचं डोकं गरगरत होतं. बायकांनी वाट दिली तसा तो ओट्यावरून आत आला, कौलांखाली एका खांबाला टेकून उभा राहिला आणि बराच वेळ नुसता श्वास घेत राहिला.

"काय करानं ते सांग," शेवटी तो म्हणाला.

दुपारी कॉलेज सुटल्यावर नमिरा आली. तिने भाग्येशला शेडभोवती फिरवून एकेक गोष्ट सांगितली. भाग्येशने हुज्जत घातली, मध्येच फोन काढून तिचं खरं की खोटं ते शोधलं. आईसारखीच ही पोरगीही हटत नव्हती. नईमाने एक सूचना मात्र उडवून लावली. पश्चिमेला पुन्हा झाड लावू, असं भाग्येश म्हणाला होता. "लावा, भाऊ. त्यानी सावली तुमना नातूले भेटी. आमले याच मे महिनामा पाहिजे."

कारागीर आले. छपराला पांढरा लेप बसला. छपराच्या माथ्यावर गरम हवा बाहेर ओढणारे, वाऱ्यानेच फिरणारे गोल भोवरे लागले. पत्र्याखाली पोकळी सोडून दुसरं छत आलं. पश्चिमेचा पत्रा काढून तिथे जाळीच्या विटांची भिंत उभी राहिली, तिच्यावर बांबूचा मांडव. बायका तोवर कौलांखालीच बसत होत्या. माल शेटने भावकीतल्या एकाच्या गोदामात हलवला होता.

"झालं," एके दिवशी भाग्येश म्हणाला. "चला आता."

नईमा एकटीच भर दुपारी आत जाऊन बसली. पुढचा अर्धा भाग खरंच निराळा झाला होता. हवा हलत होती. पण मागच्या अर्ध्या भागात गेल्यावर तिच्या टाळूला ओळखीची आग लागली. तिने वर पाहिलं. तिथे दुसरं छत नव्हतंच. उघडा पत्रा.

"पुढे माल लावू," भाग्येश नजर चुकवत म्हणाला. "तुम्ही मागे बसा. भोवरे आहेत ना वर."

नईमा बाहेर आली, जुन्या गोदामात गेली आणि आपल्या ढिगासमोर बसली. "नही व्हयनं आजून," तिने बाकीच्यांना सांगितलं. हात पुन्हा चालायला लागले. भाग्येश दारात उभा राहून समजावत होता, मग रागावला, मग शेटला बोलावून आणलं. कोणी मान वर केली नाही. दुसऱ्या दिवशी कारागीर परत आले.

मे महिना निम्मा झाला तेव्हा बायका शेडमध्ये गेल्या. ऊन संपलं होतं असं नाही, नंदुरबारचा मे तो. घाम येत होता. पण घाम येत होता आणि वाळत होता, डोकं ठिकाणावर राहत होतं, जेवणानंतर कोणाला पडावं लागत नव्हतं. कमलीबाईही एक दिवस आली. थरथरत्या हाताने तिला देठ खुडता येईना, म्हणून ती नुसती सोबतीला बसली, सगळ्यांची चेष्टा करत राहिली, आणि मग रोजच यायला लागली.

जूनच्या तोंडावर सुरतचे दोन व्यापारी माल बघायला आले. भाग्येश त्यांना शेड दाखवत होता. "लाइटशिवाय एवढी गार शेड तुम्हाला अख्ख्या बाजारात सापडणार नाही," तो म्हणाला. "माझीच आयडिया. कामगारांची काळजी आपण घ्यायला नको का?"

बायकांच्या रांगेतून नईमाचा आवाज आला, खणखणीत.

"खोटं कसाले बोलस, भाऊ? ज्या बाईना हात आजूनबी थरथरी ऱ्हायना, ती बठेल शे आठे. तिन्हं नाव सांग पाहुनासले."

व्यापारी वळून पाहायला लागले. भाग्येशने घसा साफ केला. शेडमध्ये मिरची खुडायचे सगळे हात थांबले होते आणि सगळ्या जणी त्याच्या तोंडाकडे बघत होत्या.

"कमलीबाई," तो म्हणाला.

"जोरमा सांग," तुळशीबाई म्हणाली.

त्याने जोरात सांगितलं. मग नईमाने ओढणी नाकावर ओढली आणि पुढची मिरची हातात घेतली.