आत कोणी नाही

माझ्या सुनेने केलेल्या यादीने माझा दीर मारला. दुसऱ्या कोणी हे म्हटलं असतं तर मी त्याची जीभ हासडली असती, म्हणून मीच लिहिते. शाळा चौथीपर्यंतच झाली, पण खरं लिहायला तेवढी पुरते.

आमच्या इथल्या फळांच्या गोदामात हवाबंद खोल्या आहेत. खोली भरली की दार लावून आतला प्राणवायू काढून घेतात. फळ सहा महिने टिकतं, माणूस सहा मिनिटंही नाही. म्हणून आत कोण गेलं, बाहेर कोण आलं, हे पहारेकरी वहीत लिहायचा. कसलं लिहिणं, नुसती गिचमीड. तीस वर्षं मी तिथे फळं निवडली. साहेबाला मीच ठणकावून सांगितलं, "माझी सून कॉम्प्युटरवर यादी करून देईल. सोमवारपर्यंत."

सून म्हणाली, "आई, सोमवार फार जवळ आहे हो."

"मी तुझ्याएवढी शिकले असते ना, तर रविवारीच दिली असती."

दिली बिचारीने. दोन महिने यादी बिनबोभाट चालली आणि मी नाक वर करून हिंडले. तिन्ही पहारेकरी एकाच नावाने लॉगिन करायचे. पासवर्ड भिंतीवर खडूने लिहिलेला, कॉम्प्युटर कधी बंदच नाही. मग साहेबाने फर्मान काढलं: आजपासून ज्याने त्याने आपापल्या नावाने लॉगिन करायचं.

त्याच दुपारी दोनला पाळी बदलली. सकाळचा पहारेकरी लॉगआउट करून घरी गेला. दुसरा स्वतःच्या नावाने आला. पडद्यावर आलं, 'आत कोणी नाही.' त्याने चार नंबरचं दार लावायला सांगितलं. तिथेच कामाला असलेले माझे भावजी आत मागच्या रांगेत पेट्या सरळ करत होते.

अडीचला घरी येणारा माणूस चारपर्यंत आला नाही, तेव्हा मी फाटकावर गेले.

"भावजी कुठेत?"

"गेले असतील, मावशी. यादीत नाहीत."

"आणि ही सायकल काय एकटीच फिरायला आलीय? उघड दार!"

दाराशीच पडले होते. बोटांची नखं उलटलेली. मी लग्न होऊन आले तेव्हा सात वर्षांचे होते, नाक मी पुसायचे त्यांचं.

सगळ्यांदेखत मी त्या पहारेकऱ्यावर ओरडले, "यादी पुसलीस, मेल्या!" पोलिसांनी त्यालाच उचललं.

तिसऱ्या दिवशी सून ओट्यापाशी उभी राहून म्हणाली, "आई, यादी त्याने नाही पुसली. मी ती सेशनमध्ये ठेवली होती."

"मला कळेल असं बोल."

"लॉगिन केलं की ज्याला त्याला आपापली पाटी मिळते. लॉगआउट केलं की ती पाटी पुसली जाते. सगळ्यांना दिसेल अशी पक्की साठवायची, तर आणखी चार दिवस लागले असते. म्हटलं, लॉगआउट कोण करतंय इथे? नंतर बघू."

"कोणाला बोललीस?"

"अजून फक्त तुम्हालाच."

खोटं का सांगू, माझ्या मनात पाप आलं. गेलेला माणूस परत येत नाही, निदान घर तरी वाचेल. "तोंड उघडलंस तर याद राख," मी म्हटलं. दोन दिवस ती गप्प राहिली. मग चपला घालून दारात उभी राहिली.

"आई, मी चाललेय."

"थांब. मीही येते."

हवालदाराने दोन पानं लिहून घेतली. मी म्हटलं, "हेही लिहा. सोमवार मी ठरवला होता. आणि दोन दिवस हिचं तोंड मीच दाबलं."

"आजी, घाई करणं हा गुन्हा नाही."

"मग हिने दुसरं काय केलं?"

त्याने पेनाला टोपण लावलं आणि कागद सुनेपुढे सरकवला. तिने सही केली. तिचं घड्याळ आणि मोबाइल माझ्या हातात ठेवून तिला आत नेलं.

तासाभराने पहारेकरी बाहेर आला. दाढी वाढलेली, एक डोळा सुजलेला. बाकावर मला बघून थबकला. आता हा थुंकणार, असं वाटलं.

"मावशी, एकट्याच आलात? चला, घरापर्यंत सोडतो."

तो पुढे, मी मागे.