क्रियापदे चालवणारा पोपट

मित्रांनो, मी एक राखाडी पोपट आहे आणि आता माझे वय झाले आहे. शेपटीची पिसे एकेकाळी लालभडक होती. आता ती धुऊन धुऊन विटलेल्या रिबिनीसारखी दिसतात. इतर घरांतले पोपट ‘या, बसा’ म्हणतात, नाहीतर दारावरच्या घंटीची नक्कल करतात. मी इटालियन क्रियापदे चालवतो.

बाईंच्या धाकट्या भावाने मला पक्ष्यांच्या दुकानातून आणले. बाई एका कापड गिरणीच्या कचेरीत काम करायच्या. गिरणीतले माग इटलीहून यायचे आणि त्यांच्यासोबत आलेली जाडजूड माहितीपुस्तके बाई आपल्या भाषेत आणायच्या. भाऊ म्हणाला, “ताई, घरात बोलायला कुणीतरी हवं ना?” बाई म्हणाल्या, “दिवसभर ती यंत्रं माझ्याशी बोलतात, तेवढं पुरे आहे.” पण मी मान वाकडी करून त्यांच्याकडे पाहिले आणि त्यांनी मला ठेवून घेतले.

संध्याकाळी भाजी चिरताना बाई क्रियापदे म्हणायच्या. इओ सोनो, तू सेइ, लुइ ए, नोइ सियामो, वोइ सिएते, लोरो सोनो. मी आहे, तू आहेस, तो आहे, आम्ही आहोत, तुम्ही आहात, ते आहेत. सुरीचा ताल आणि बाईंचा आवाज माझ्या कानात जाऊन बसला. एकदा ‘वोइ सिएते’ पर्यंत आल्या आणि कुकरने शिट्टी दिली. बाई गॅसकडे वळल्या. माझ्याच्याने राहवेना. मी ओरडलो, “लोरो सोनो!”

बाई सुरी हातात धरून इतक्या हसल्या की त्यांना खाली बसावे लागले. त्या दिवसापासून माझे नाव पंडित पडले.

काय दिवस होते ते! पाहुणे आले की बाई आधी मला बोलायला लावत, मग चहा ठेवत. ‘असणे’, ‘बोलणे’ आणि ‘जाणे’, तिन्ही क्रियापदे मला मुखोद्गत होती. लोक तोंडात बोट घालत. बदामाचा तुकडा बाई स्वतःच्या हाताने भरवत. पुढे त्या निवृत्त झाल्या आणि घरीच शिकवू लागल्या. विद्यार्थी यायचे, अडखळायचे, जायचे. मला ते सगळे आवडायचे, कारण ते माझ्याहून कच्चे होते.

मग ती आली.

ती इस्पितळात परिचारिका होती. तिला इटलीतल्या एका इस्पितळात नोकरी करायची होती आणि त्यासाठी भाषेची परीक्षा द्यायची होती. चण लहान, चाल भरभर, बोलणे त्याहून भरभर. पहिल्याच आठवड्यात बाई तिला चिमणी म्हणू लागल्या. मित्रांनो, तुम्हीच सांगा, त्या घरात पक्षी कोण होता?

वर्तमानकाळ तिने बघता बघता संपवला. मग भूतकाळ, मग भविष्यकाळ. तोवर मी सहन केले. पण त्यानंतर बाईंनी क्रियापदांचे ‘अर्थ’, म्हणजे बोलण्याचा हेतू दाखवणारी रूपे, शिकवायला घेतली. आपल्या व्याकरणातलीच नावे त्या वापरत. “जे आहे तसं सांगायचं तो स्वार्थ. हुकूम करायचा तो आज्ञार्थ. व्हावं असं वाटतं, भीती वाटते, शंका आहे, तिथे विध्यर्थ. आणि अमुक झालं असतं तर तमुक झालं असतं, तो संकेतार्थ.” चिमणी वहीवर वाकून लगेच नवी वाक्ये रचायची. मला वाटतं पाऊस यावा. मी पक्षी असते तर उडाले असते. बाईंच्या डोळ्यांत मला कधी न दिसलेली चमक यायची. मला वाक्ये रचता येत नाहीत. मला जे ऐकले तेच येते. माझ्या वाट्याला आला होता नुसता स्वार्थ.

माझा जळफळाट झाला. तिची वेणी पिंजऱ्याजवळ आली की मी ओढायचो. ती विध्यर्थाच्या ‘सिया’ वर, म्हणजे ‘तो असावा’ वर आली की मी मध्येच स्वार्थातले ‘ए!’ ओरडायचो आणि तीही गडबडून ‘ए’ म्हणायची. बाई तिला रागे भरायच्या. मला गार वाटायचे. पण बाईंच्या कानांना फसवणे सोपे नव्हते. एक दिवस त्या उठल्या, पलंगावरची जुनी चादर आणली आणि शिकवणीपुरती पिंजऱ्यावर टाकली.

“बाई, राहू द्या ना त्याला. आवडतं मला त्याचं बोलणं,” चिमणी म्हणाली.

“अगं, मत्सरी आहे तो. झाकलेलाच बरा.”

तिने माझी बाजू घेतली हे मला सगळ्यात जास्त झोंबले. अंधारात बसून मी छातीची पिसे उपटू लागलो. भाऊ एकदा आला तेव्हा म्हणाला, “हा तर सोललेल्या कोंबडीसारखा दिसायला लागलाय.”

चिमणी परीक्षा चांगल्या गुणांनी पास झाली. तिकडून बोलावणे आले. तरी ती येतच राहिली, म्हणे सराव सुटू नये. अशाच एका संध्याकाळी मी चादरीखाली होतो. बाई ‘मी असते तर, तू असतास तर’ चालवत होत्या. फोस्सी, फोस्सी. त्या क्रियापदाची पहिली दोन रूपे सारखीच असतात, त्यामुळे मला काही वाटले नाही. तिसरे फोस्से यायला हवे होते. पुन्हा फोस्सी आले. मग पुन्हा फोस्सी. मग आवाज ओल्या कापडासारखा लोंबला.

“बाई?” चिमणीची खुर्ची सरकली. “माझ्याकडे बघा. हसा बघू. दोन्ही हात वर करा. बाई, उजवासुद्धा!” मग फोनवर तिचा आवाज, धारदार, एकही शब्द जास्तीचा नाही. धावती पावले, स्ट्रेचरची चाके, दार. मी चादरीखाली तसाच राहिलो. मला काहीच दिसले नाही.

सकाळी चादर उचलली ती चिमणीने. गणवेश चुरगळलेला, डोळे सुजलेले. तिने वाटीत दाणे ओतले आणि मी तिच्या बोटाला कडकडून चावलो. बाईंना हिनेच नेले, एवढेच माझ्या डोक्यात होते. तिने हात मागे घेतला नाही.

“चाव, पंडिता. पण खा. वेळेत नेलं त्यांना. येतील घरी.”

बाई घरी आल्या, पण त्यांचे बोलणे आले नाही. मेंदूत रक्ताची गुठळी अडकली होती. त्यांना सगळे समजायचे. शब्द मात्र ओठांवर यायचा नाही. पाणी हवे असले तरी ‘हे... हे’, खिडकी लावायची असली तरी ‘हे... हे’. जिने दोन भाषा तळहातावर खेळवल्या, ती बाई भिंतीकडे तोंड करून रडायची. भाऊ सोबतीला राहायला आला. माझ्या कलकलाटाने बाईंना त्रास होईल म्हणून मला कुणाला तरी देऊन टाकायचा विचार त्याने बोलून दाखवला. चिमणी रोज कामावरून सुटली की यायची, बाईंचा हात चोळायची, केस विंचरायची. माझ्याकडे कुणी बघत नव्हते.

एका संध्याकाळी मला ते असह्य झाले. सगळे पलंगाभोवती, आणि मी? मी घसा ताणून ओरडलो, “इओ सोनो!”

पलंगावरून हळूच आवाज आला, “तू सेइ.”

भावाच्या हातातला चमचा खाली पडला. मी दांडीच्या टोकापर्यंत सरकलो.

“लुइ ए,” बाई म्हणाल्या. “नोइ सियामो. वोइ सिएते.” आणि त्या थांबून माझ्याकडे पाहू लागल्या. मी म्हणालो, “लोरो सोनो.”

भाऊ डोळे पुसत म्हणाला, “ताई बोलायला लागली!”

“बोलणं नाही हो हे,” चिमणी म्हणाली. “पाठांतर आहे. पाठ केलेलं कधी कधी शाबूत राहतं. पण निदान गाडी सुरू तर झाली. पंडिता, पुन्हा!”

मला देऊन टाकायची गोष्ट पुन्हा निघाली नाही. रोज मी सुरुवात करायचो आणि बाई पुढे चालवायच्या. बोलणे, असणे, जाणे. वादो, वाइ, वा, आंदियामो, आंदाते, वान्नो. मी पुन्हा घरातला पंडित झालो होतो. पण मित्रांनो, शेवटचे रूप म्हणून झाले की बाई कौतुकासाठी कुणाकडे बघायच्या? चिमणीकडे. मी सुरू करायचो आणि शाबासकी तिची! माझ्या मानेवरची पिसे उभी राहायची.

मग एक दिवस भावाने तिला विचारले, “तुझं जायचं कधी ठरलं?”

“कळवलंय त्यांना, येत नाही म्हणून,” ती बाईंची नखे कापत म्हणाली. “यांना असं टाकून कशी जाऊ?”

बाईंनी हात ओढून घेतला. त्यांचा चेहरा लाल झाला. ओठ हलले, थांबले, पुन्हा हलले.

“वा!” त्या म्हणाल्या.

“बघ, तुझं कौतुक करतेय ताई,” भाऊ म्हणाला.

बाईंनी जोरात मान हलवली आणि डाव्या हाताने दाराकडे बोट केले. “वा!”

चिमणी पांढरीफटक पडली. मलाही आधी उमगले नाही. माझ्या ओळीत ‘वा’ तिसरा येतो, त्याच्याआधी वादो आणि वाइ म्हणावेच लागतात. बाईंनी ते म्हटले नव्हते. त्यांनी सुरुवातच तिथून केली होती. तो आज्ञार्थ होता. आज्ञार्थात ‘मी’चे रूपच नसते, तो थेट समोरच्यापासून सुरू होतो. वा. जा. एवढ्या दिवसांत बाईंनी स्वतः शोधून काढलेला तो पहिला शब्द होता आणि तो त्यांनी तिला दिला.

चिमणी त्यांच्या मांडीवर डोके ठेवून रडली. “जाते, बाई. जाते.” दुसऱ्याच दिवशी तिने तिकडे पुन्हा कळवले. तिची जागा अजून भरली नव्हती.

ती गेली त्या सकाळी मी आनंदाने लांबलचक शीळ घातली. कुणी हसले नाही. दुपारी मीच दोनदा दाराकडे बघितले. सवय, दुसरे काय!

आता बाई सावकाश बोलतात. पाणी मागतात, भावाशी मिठावरून भांडतात. रविवारी चिमणीचा फोन येतो, बाईंचा चेहरा उजळतो आणि माझे पोट आजही दुखते. हे दुखणे जायचे नाही.

पण मित्रांनो, एक सांगतो. तुमच्या घरी कुणाचे शब्द हरवले, आजोबांचे असोत की लहान भावाचे, तर त्यांचे वाक्य तुम्ही घाईने पुरे करू नका. पहिला शब्द तेवढा द्या. मग चोच मिटा आणि थांबा. मला ते फार जड जाते, पण मी रोज करतो.