साठ टक्के

तिने चार्जरची पिन पुन्हा एकदा काढली, फुंकर मारली आणि परत खोचली. पडद्याच्या कोपऱ्यात तेच: साठ टक्के, प्लग जोडलेला आहे, चार्जिंग होत नाही. लॅपटॉप हटूनच बसला होता.

साडेदहाला वीज जाणार होती. रस्त्याच्या या बाजूच्या तारा बदलायच्या म्हणून संध्याकाळपर्यंत बंद, असा निरोप कालच आला होता. आणि अकराला तिची ऑनलाइन मुलाखत, लग्नानंतरची पहिलीच. काम इमारतींचे नकाशे काढण्याचं होतं. जुने नकाशे उघडून दाखवावे लागणार, आणि ते उघडले की ही बॅटरी बघता बघता उतरते, हे तिला पक्कं ठाऊक होतं. साठात निभणार नव्हतं.

तिने सॉकेट बदललं. पिन जाते ती खाच मऊ ब्रशने साफ केली. लॅपटॉप बंद केला, बटण दाबून धरलं, पुन्हा चालू केला. साठ. ती उगाचच खुर्चीवरून उठत होती, बसत होती.

बाहेरच्या खोलीत नवरा सुट्टीचा पेपर वाचत होता. "सगळं सुरळीत चाललंय की, आता कशाला नोकरी?" असं तो म्हणाला त्या संध्याकाळपासून दोघांचा अबोला होता. या घरातल्या अबोल्याला मात्र शिस्त होती. एकमेकांशी बोलायचं नाही, भिंतीशी बोललेलं चालायचं.

"कुणाचा तरी चार्जर मिळाला असता तर बरं झालं असतं," ती खिडकीला म्हणाली.

नवरा मुकाट्याने आपला चार्जर घेऊन आला. तिने तो लावून पाहिला. साठ. म्हणजे चार्जर धडधाकट होता, बॅटरीनेच मान टाकली होती. नेमका आजचा मुहूर्त साधून! तिला रडू कोसळायचं तेवढं बाकी होतं.

"बॅटरी गेलेली नसते अशा वेळी," नवरा पंख्याकडे बघत म्हणाला. "एक सेटिंग असते. ती चालू असली की साठाच्या वर भरत नाही."

"आणि चालू कोण करतं ती?"

पंखा काही बोलला नाही.

तिने शोधून काढली सेटिंग. खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं, लॅपटॉप कायम एकाच जागी प्लगला जोडलेला राहत असेल तर बॅटरी टिकावी म्हणून ही सोय. तिने या पानाचं तोंडही कधी पाहिलं नव्हतं.

"तू केलंस हे?" अबोल्याचं तिला भानही राहिलं नाही.

"गेल्या वर्षी. अगं, चांगल्यासाठीच केलं. तो बाहेर जातोच कुठे?"

तिने सेटिंग बंद केली. आकडा एकसष्ट झाला, आणि डोक्यावरचा पंखा मंदावत मंदावत थांबला.

"माझा घे," तो घाईने म्हणाला. "पूर्ण भरलेला आहे."

"तुझ्यात नाही ही सेटिंग?"

"नाही. मला बाहेर न्यावा..."

तिला राग आला होता, पण वाईट त्याहून जास्त वाटत होतं. त्याने कपट केलं असतं तर कडाकडा भांडता तरी आलं असतं. त्याने काळजीच घेतली होती. फक्त तिला विचारावं असं त्याच्या मनातही आलं नव्हतं.

तिने लॅपटॉप मिटला, चार्जरसकट पिशवीत टाकला आणि चपला पायात सरकवल्या.

"कुठे निघालीस?"

"मागच्या गल्लीत, मैत्रिणीकडे. तिकडे वीज आहे."

"थांब, मी सोडतो."

"नको. जाईन मी."

तो दारापर्यंत आला.

"आणि नोकरी मिळाली तर?"

"तर हा रोज बाहेर न्यावा लागेल," ती म्हणाली आणि जिना उतरू लागली.