शेवटच्या टाकीतली बदकं

आत्याच्या कारखान्यात मोजे रंगायचे. आज कुठला रंग चाललाय, हे मागचा ओढा बघून अख्ख्या गल्लीला कळायचं. आत्याला त्याची लाज वाटायची. म्हणूनच इंजिनियर भाचीने पाणी शुद्ध करणारं यंत्र बसवायचं काढलं, तेव्हा तिने मोडता घातला नाही. आता रंगाचं पाणी यंत्रातून जाऊन स्वच्छ व्हायचं, शेवटच्या टाकीत पडायचं आणि तिथून परत कामाला लागायचं. ओढ्यात थेंबही जायचा नाही.

तरी आत्याची शंका फिटेना.

"अगं आत्या, प्रयोगशाळेचा अहवाल आलाय की!"

"कागदावर मीसुद्धा पंचेचाळिशीची आहे," आत्या म्हणाली, आणि शेजारच्या शिंप्याकडून तीन पांढरीशुभ्र बदकं मागून आणली. घाण पाण्यात बदक रमत नाही, असं तिचं ठाम मत होतं.

दोन दिवस बदकं टाकीत मजेत पोहली. तिसऱ्या दिवशी सरकारी तपासनीस बाई आल्या. आत्या त्यांना मोठ्या तोऱ्यात टाकीपाशी घेऊन गेली.

टाकीत तीन जांभळी बदकं पोहत होती.

आत्याच्या तोंडचं पाणी पळालं. भाचीने धावत जाऊन यंत्राचे आकडे तपासले. तपासनीस बाईंनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं, मग बाटलीत पाणी भरून उजेडात धरलं. पाणी अगदी नितळ!

"पाणी उत्तम आहे," त्या म्हणाल्या. "बदकांचं मात्र मला काही सांगता येणार नाही."

तेवढ्यात रंगखात्यातले रंगारीकाका हात पुसत आले. "रंग कसा चढलाय बघा! सकाळी तिघं रांगेने आली नि कोमट रंगाच्या टबात उतरली. मला वाटलं, तुम्हीच पाठवलीत."

"काका, बदकं रंगवायला कोण पाठवेल?" आत्या म्हणाली.

"चाळीस वर्षांत आलेल्या मालाला मी कधी 'का' म्हणून विचारलं नाही, बाई. आणि रंग पक्का आहे हं!"

तपासनीस बाईंनी हसू दाबत प्रमाणपत्रावर सही केली. ती जरा वाकडीच आली.

संध्याकाळी आत्या बदकं घेऊन शिंप्याकडे गेली. "चुकलंच माझं. नवी पिसं आली की होतील पांढरी."

शिंप्याने बदकांभोवती एक फेरी मारली, एकाचा पंख दोन बोटांत धरून कापडासारखा चोळून पाहिला.

"घाई नाही," तो म्हणाला. "या रंगात मोजे आहेत का हो, माझ्या मापाचे?"

दुसऱ्या दिवशी उजाडताच बदकं पुन्हा टाकीवर हजर झाली. आत्याने रंगखात्याच्या दाराला जाळी ठोकली.